नळ तेवढा काळा

— सरका जरा काका, मावते मी, एवढीशी तर आहे. काय सांगत होते? हां, पैज. लावली दाजींनी, घेतली मी, आणि घेताना डोकं घरी खुंटीला टांगून आले होते असं ताईचं म्हणणं. दाजी म्हणजे ताईचे मिस्टर. ताई आत आहे, खिडकीजवळच्या खाटेवर. बाळंतीण. मुलगी झालीये. म्हणजे मी मावशी झाले — मला कोणी विचारलं नाही, पुसलं नाही, डायरेक्ट मावशी! तर दाजी म्हणाले, "तू जगाला बनवतेस ना? मग त्या स्टोअरवाल्याला बनवून दाखव. त्याच्या पेनाला हे लावून दाखव. नाहीतर संध्याकाळपर्यंत एका जागी गप बसून दाखव." आता तुम्हीच सांगा काका, गप बसणं मला जमलं असतं का? तुम्हाला काय माहीत म्हणा, आत्ता तर भेटतोय आपण. जमलं नसतं. म्हणजे उरलं काय? पेन.

हे म्हणजे काय? — सांगते ना, घाई कसली आहे तुम्हाला, तुमचा पण नंबर यायचाच आहे आत. सगळ्यांनाच बोलवतायत एकेक करून. भर दुपारी पडदे ओढलेत, वॉर्डात काळोख केलाय आणि निळी मॅडम दिवा घेऊन बसलीये. निळी मॅडम हे नाव माझं. ती स्वतः काही निळी नाही, दिवा निळा आहे. ती आलीये कुठल्याशा मोठ्या कॉलेजातनं, इथल्या बाळांना इथं आल्यावरच ताप का येतो ते शोधायला. म्हणजे घरनं धडधाकट येतात आणि इथं तापतात. तर ती काय करते, संध्याकाळी गुपचूप फिरते, आणि खाटेच्या दांडीला, दाराच्या कडीला, नळाला एक जेल लावते. डोळ्यांना दिसत नाही, वास नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी दिवा मारायचा. पुसलेलं असेल तर काळोख, नसेल पुसलं तर लख्ख. परीक्षाच ती, पण ज्याची आहे त्याला पत्ताच नाही. आमच्या शाळेत अशी घेतली असती तर मी अजून शाळेत असते — कारण तिथं परीक्षा आहे हे मला एकटीलाच कधी माहीत नसायचं.

तर त्या जेलची ट्यूब तिनं खिडकीत ठेवली. खिडकीत ठेवलेली वस्तू म्हणजे — जाऊ दे. मी फक्त बघायला घेतली. दाजींना वाटलं मिशीला लावायचं काहीतरी आहे. नको नको म्हणेपर्यंत लावलं पण! आता दिव्यासमोर उभे राहिले तर मिशी पेटलेली दिसेल. म्हणून मोटरसायकल काढून गेलेत ना ते गावातल्या औषधाच्या दुकानांत फिरायला. म्हणजे जायचंच होतं, इंजेक्शन आणायचं होतं, पण एवढे पळत गेले ते मिशीमुळं.

पेन! पेन राहिलंच की. तुम्ही बघितलंय का ते? स्टोअरच्या खिडकीला दोरीनं बांधलेलं, मागचं टोक चावून चावून चपटं झालेलं — कोण चावतं देव जाणे. या इमारतीत माणूस एक वेळ श्वास न घेता जगेल, सही न करता जगायचा नाही. कापूस पाहिजे, सही. चादर पाहिजे, सही. सलाईनचं स्टँड एका खाटेवरनं दुसऱ्या खाटेकडं न्यायचं, सही. मोठे डॉक्टर असोत, सिस्टर असोत, नाहीतर माझ्यासारखी दांडगी असो, पेन एकच. आणि ती खिडकी कोणी केलीये काय माहीत, इतकी खाली की माणसाला वाकावंच लागतं. गजातनं चेहरा दिसत नाही. हात दिसतो नुसता. कोपरापर्यंत. हात येतो, कागद सरकवतो, आणि आतनं आवाज येतो — "आहे, पण देता येत नाही." झालं. हात आत.

मी गेले, वाकले, म्हटलं, "काका, गादीवर घालायचं रबर आहे का?" हात म्हणाला — म्हणजे आवाज म्हणाला — "आहे, पण देता येत नाही." म्हटलं, "बरं, मग देता येत नाही म्हणून सही करू का?" आतला विचारात पडला हो! खरंच कागद शोधायला लागला! तेवढ्यात मी पेनाला वरनं खालपर्यंत चोपडलं. पैज जिंकले. दाजींनी हार मानायची होती, पण ते मिशी पुसत बसले होते.

आता पुढं ऐका. आज मॅडमनं दिवा लावला. तिला वाटलं, चार ठिकाणी लावलंय, चार ठिकाणी दिसेल. पडदे ओढले, बटण दाबलं, आणि — काका, मी लग्नातसुद्धा एवढा उजेड बघितला नाही. खाटांच्या दांड्या, औषधाचे ट्रे, दाराच्या कड्या, सिस्टरची टोपी, तपासायच्या नळीचं गोल तोंड, बायकांच्या मनगटावर नाडी बघायची दोन दोन बोटं! मोठे डॉक्टर उभे होते, मॅडमनं चुकून दिवा त्यांच्याकडं फिरवला, तर त्यांच्या उजव्या नाकपुडीत हा एवढा ट्यूबलाइट. सगळे बघतायत. ते म्हणाले, "हं, म्हणजे हवेतनं पसरतंय." हसू नका ना. म्हणजे हसा, तुम्ही आल्यापासनं पहिल्यांदाच हललात जरा.

आणि एवढ्या सगळ्या उजेडात एकच वस्तू काळी ठिक्कर. कोणती सांगा? नळ. हात धुवायचा नळ! मॅडमनं तर तिथं मुद्दाम जेल लावलं होतं, ते गळत्या पाण्यानं ओघळून गेलेलं, आणि नंतर कोणी हात लावलेलाच नाही, नाहीतर बोटं उमटली असती. कालपासनं एकाही माणसानं नाही. वर भिंतीवर चित्रं आहेत, हात असे चोळा, बोटं अशी घाला, अंगठा असा फिरवा — इतकी चित्रं की नाचच शिकवतायत वाटतं. खाली नळ काळा. मॅडम खुर्चीवर बसली मटकन. म्हणाली, "साबण कुठंय?" सिस्टर म्हणाली, "कपाटात." "मग काढा." "कुलूप आहे." "किल्ली?" "हरवलीये." "मग तोडा कुलूप!" तर सिस्टर म्हणते, "मॅडम, हातोडी कपाटातच आहे."

देवाशपथ! मी खोटं बोलते, पण एवढं चांगलं नाही बोलता येत मला. हातोडी आवश्यक वस्तूंत येते म्हणे, आणि आवश्यक ते सगळं कपाटात. बाहेरनं माणूस बोलवायचा तर अर्ज पाहिजे. अर्जाचा कोरा कागद स्टोअरच्या खिडकीत. गेली सिस्टर. वाकली. आवाज आला.

काय आला असेल?

बरोब्बर.

ते कपाट बघितलंय तुम्ही? वॉर्डाच्या तोंडाशीच आहे, काचेचं, दुकानात मिठाई ठेवतात तसं. आत ओळीनं खोकी. बाळंतपणात रक्त थांबवायचं इंजेक्शन, बाळांच्या तापाचं इंजेक्शन, जुलाबाच्या पुड्या, साबण. एकाला एक लागून, मध्ये बोट जाणार नाही. उद्या समिती येणार आहे बघायला, आई-बाळाची सगळी औषधं आहेत का नाहीत ते. काचेतनंच बघणार. एक खोकं काढलं तर पुढचा दात पडल्यासारखं दिसेल. बायकांना चिठ्ठी लिहून देतात, बाहेरनं आणा. बाहेर मिळत नाही. बायका चिठ्ठी हातात घेऊन कपाटाशी उभ्या राहतात आणि चिठ्ठीवरचं नाव खोक्यावरच्या नावाशी लावून बघतात. जुळतं. मग परत जाऊन झोपतात.

माझ्या ताईच्या चिठ्ठीवरचं पण जुळतं. दुसऱ्या ओळीतलं, डावीकडचं.

नाही, तेच सांगायचंय मला. बाळाला ताप आहे काका. काल रात्री दूध ओढत होती, मेली एवढी हावरट, ताई ओरडायची. आज ओढत नाहीये. रडत पण नाही. मी तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या, चिमटा काढला — हळू काढला हो — नाक पकडलं, काही नाही, नुसतं बघते न बघितल्यासारखं. सिस्टर म्हणाली, ते इंजेक्शन आजच सुरू व्हायला पाहिजे, उद्याची गोष्ट करू नका. दाजी अजून आले नाहीत. फोन आला मगाशी, तिसऱ्या का चौथ्या दुकानात पण नाही. दुकानदार म्हणाला, सरकारी दवाखान्यात बघा, तिथं भरलेलं कपाट असतं.

हसले नाही मी. म्हणजे हसले, आधी हसले.

हां, तर मॅडमनं दिवा कपाटावर मारला. कुलपावर अंगठा. ताजा. म्हटलं असेल, कोणीतरी खेचून बघितलं असेल. मग काचेवर बोटं, पाची बोटं, पसरलेली. मॅडमनं फडक्यानं पुसली. जाईनात! परत पुसली. जाईनात. मग ती वाकली, नाक लावलं काचेला, आणि एकदम मागं झाली. बोटं काचेच्या आतनं होती.

आतनं! कळलं का? किल्ली हरवलेली, कुलूप लागलेलं, आणि कालच्या जेलची बोटं काचेच्या आत. आणि आतल्या खोक्यांवर पण, प्रत्येक खोक्यावर एकेक ठिपका, मोजताना बोट लावत जातात ना माणसं, तसा. म्हणजे कोणीतरी काल संध्याकाळी कपाट उघडलंय. उघडून काही घेतलं नाही. धूळ पुसली, खोकी सरळ केली, मोजली, आणि परत लावून टाकलं! असला चोर मी जन्मात नाही बघितला. काही घेऊन गेला असता तर राग तरी आला असता.

आता म्हणाल, सोपं आहे, हात बघा सगळ्यांचे, ज्याचा चमकेल तो. तोच तर घोळ आहे ना! सगळ्यांचेच चमकतायत. पेन एकच, मी म्हटलं नाही का? सिस्टरचा चमकतो, डॉक्टरांचा चमकतो, झाडूवालीचा चमकतो, तो पाव विकायला येतो त्याचा चमकतो. मीच सगळ्यांना चोर करून ठेवलंय. आणि धुवायला जावं तर साबण कपाटात! पुरावा पुसायला पण साबण नाही या दवाखान्यात. मॅडमनं तर असं धरलंय की ज्यानं ट्यूब पळवली त्यानंच किल्ली पळवली, एकच माणूस, आणि तो सापडला की वॉर्डात पाऊल नाही ठेवायचं त्यानं, नातेवाईक असला तरी. म्हणून मी बाहेर बसलेय. माझा नंबर आला होता, म्हटलं शू लागलीये.

घाबरत नाही मी तिला. ती ओरडून ओरडून किती ओरडेल, आमच्या हेडबाईंपुढं ती काहीच नाही.

दुसरंच आहे ते.

सगळं झाल्यावर मॅडमनं दिवा बाळांवर धरला. पाळण्यांत ओळीनं. प्रत्येकाच्या कपाळावर, गालावर, कोणाची ना कोणाची बोटं. आमच्या बाळाच्या ओठाखाली एक अंगठा होता. छोटा. मधनं चीर गेलेला, आडवी. पत्र्यावर चढले होते मी लहानपणी, उतरताना कापला, टाके पडले — हा बघा. बघा ना. दिव्याशिवाय पण दिसते चीर.

पैज जिंकले ना मी काल, त्याच हातानं पळत गेले आणि तिचं तोंड धरून म्हटलं, "तुझी मावशी जिंकली गं." मॅडम म्हणते जेलनं काही होत नाही, नुसता रंग आहे. मला कळतं तेवढं. पण जेल ज्या वाटेनं गेलं, त्याच वाटेनं तापाचं पण काहीतरी गेलं असणार ना? माझ्या बोटाला चिकटून? ही गोष्ट मी दाजींना नाही सांगितली. ताईला तर नाहीच. तुम्हाला का सांगितली? — माहीत नाही. म्हणजे माहीत आहे.

काका, खिशातनं हात काढा ना.

उकडतंय एवढं आणि तुम्ही मगापासनं उजवा हात खिशात घालून बसलाय. दिव्याशिवाय दिसत नाही हो ते, लपवायचं काय त्यात. आणि दिसलं तरी काय, सगळ्यांचाच चमकतोय. पण तुमची मूठ आहे. खिशात मूठ आहे, हे वरनं कळतं.

एवढी बाकं रिकामी असताना मी तुम्हाला सरकायला लावून इथंच का बसले असेन? मला काय बोलायला माणसं मिळत नाहीत? चेहरा नाही बघितला मी कधी, खरंच नाही. पण त्या खिडकीपुढं वाकून वाकून मान गेली माझी, आणि वाकलं की दिसतं काय? बाहीचं बटण. पांढरा शर्ट, पांढरं बटण, आणि हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं. तुम्ही आलात, बसलात, आणि मी म्हटलं — अरे, हात आला. आज हाताला डोकं पण आहे.

उठू नका. ओरडत नाहीये मी. हे बघा, हळू बोलते.

सिस्टरनं सांगितलं मला, मागचं. तुम्ही असे नव्हता म्हणे. मागेल त्याला द्यायचात, रविवारी घरनं येऊन द्यायचात. मग एकदा ते रक्त थांबवायचं संपलं, नवीन यायला उशीर झाला, आणि एक बाई राहिली नाही. तिची माणसं खिडकीवर आली आणि तुमचा हात धरून ओढला बाहेर, गजांत अडकला तो. सगळे ओरडत होते, संपलंच कसं, संपलंच कसं. तेव्हापासनं तुम्ही संपू देत नाही. बरोबर ना? रोज मोजता, पुसता, सगळी जागच्या जागी, मग झोप येते. मला कळतं ते. नाही, मस्करी नाही, खरंच. पण काका, कुणालाच दिलं नाही तर ते संपणारच नाही, हे पटलं — मग ते आहे कोणासाठी? समिती बाळंत होणार आहे का?

सॉरी. तोंडच तसं आहे माझं.

बरं, असं करूया. तुम्ही किल्ली मला द्या. मी आत जाते, मॅडमपुढं हात धरते, म्हणते — ट्यूब मी घेतली, पेनाला मी लावलं, आणि किल्ली पण मीच लपवली होती. गंमत म्हणून. अहो, सगळ्यांना पटेल! मी इथं आल्या आल्या मोठ्या डॉक्टरांच्या खुर्चीचं चाक काढलं होतं. "हिचंच काम," म्हणतील, एक माणूस शंका घेणार नाही. मला हाकलतील. हाकलू देत. मी खिडकीतनं बघेन बाळाला. तुमचं नाव कुठं येणार नाही. तुमच्या खोक्यांमधलं एकच, दुसऱ्या ओळीतलं, डावीकडचं. बाकीची सरकवून ठेवा, मी मदत करते, असा दात बुजवू की समितीच्या बापाला कळायचं नाही. नाहीतर रिकामं खोकं परत लावून टाकू, हं? नाही? नको, ते नको. बरोबर आहे, मग पुढचीला वाटेल आहे म्हणून. नको. रिकामं ते रिकामंच दिसू दे.

द्या ना.

काका, काहीतरी बोला. "आहे पण देता येत नाही" म्हणा, तेवढं तरी म्हणा. तुमचा आवाज ऐकल्यावर मला भांडता येईल. असं गप बसलात तर मी काय करू? मला गप माणसांशी भांडायची सवय नाही, आमच्या घरात कोणीच गप नसतं. एक ते बाळच, आज.

अहो, कुठं निघालात? घरी? पळून चाललात? काका! खिडकीला कुलूप लावलंत तरी मी — तिकडं नाही ओ, तिकडं वॉर्ड आहे! तिकडं मॅडम आहे, दिवा आहे, सगळे आहेत! किल्ली इकडं द्या, आपलं ठरलं ना, मी सांगणार आहे! अहो हात काय वर केलाय, शाळेत केल्यासारखा, किल्ली दिसतेय, पडदा नका सरकवू —

थांबा! थांबा ना! सिस्टर, त्यांचं ऐकू नका, म्हणजे ऐका, पण आधी माझं! मॅडम, दिवा इकडं करा, ह्या हातावर, ही चीर बघा — पेनाला मी लावलं होतं! मीच! आणि बाळाच्या ओठाखालचा अंगठा —

…

दुसऱ्या ओळीत आहे, काका. डावीकडचं. आधी साबण काढा.